फ्लश केला की नहाणी का गुडगुडते? संडास-बाथरूमच्या पाइपांना हवा देण्याचं काम

वरच्या मजल्यावर फ्लश झाला की खालच्या बाथरूमची नहाणी, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं जाळीचं तोंड, गुडगुडते. कमोडमधलं पाणी सकाळी जेवढं होतं तेवढं संध्याकाळी दिसत नाही. फिनाईल ओतून होतं, अ‍ॅसिड टाकून होतं, जाळी बदलून होते, आणि चार दिवसांनी गटाराचा वास पुन्हा येतो. अशा घरात साफसफाई करणाऱ्याला बोल लावू नका. बहुतेक वेळा मैल्याच्या पाइपला वरून हवाच मिळत नसते, किंवा मिळत होती ती मधल्या काळात कुणीतरी बंद केलेली असते.

घर बांधताना टाइल्सवर, नळांवर, कमोडच्या रंगावर महिना-महिना चर्चा चालते. गच्चीवर निघणाऱ्या चार इंची पाइपच्या शेवटच्या दोन मीटरबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. ते प्लंबरवर सोडलेलं असतं, आणि ‘तो पाइप वास जायला असतो’ एवढ्यावर त्याचंही भागतं. वास बाहेर जातो हे खरं, पण या हवेच्या पाइपचं, म्हणजे व्हेंटचं, मोठं काम हवा आत घेण्याचं आहे. पाइप केवढा घ्यायचा, कुठे जोडायचा, किती उंच न्यायचा, हे सगळं त्यावरून ठरतं.

इथे मी तळमजला आणि वर एक मजला असलेलं घर धरलं आहे: बाथरूम एकावर एक, मैला सेप्टिक टँकला किंवा नगरपालिकेच्या गटाराला जोडलेला. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी पुढे वेगळं लिहिलं आहे, कारण त्यांच्या हातात असलेल्या गोष्टी कमी असतात.

सगळा खेळ ५० मिलिमीटर पाण्याचा

कमोड, बेसिन, सिंक, नहाणी, प्रत्येकाखाली एक ट्रॅप असतो. पाइपला दिलेल्या वळणात थोडं पाणी कायम अडून राहतं. वापरातलं पाणी त्याच्यावरून पुढे जातं, पण पलीकडची हवा त्याला ओलांडून घरात येऊ शकत नाही. हे वळण नवं नाही; अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली इंग्लंडमध्ये संडासाच्या भांड्याचं पेटंट घेतलं, त्यात ते होतं. या अडलेल्या पाण्याच्या उंचीला वॉटर सील म्हणतात. ते साधारण ५० मिमी असावं, म्हणजे दोन इंच. घर आणि गटार यांच्यामध्ये तेवढंच असतं.

पलीकडे असतात हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. तो जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, म्हणून ‘आता वास येत नाही, म्हणजे धोका टळला’ असं कधीही धरू नका. रोगजंतूंचाही प्रश्न आहे. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्स या श्वसनरोगाने ३०० हून अधिक रहिवासी आजारी पडले. तपासात जे मार्ग समोर आले, त्यांत कोरडे पडलेले फरशीतले ट्रॅप आणि त्यांतून पाइपमधली हवा खोलीत ओढणारे एक्झॉस्ट पंखे होते.

हे पाणी ट्रॅपमधून जातं कसं? तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडखळत, गचके देत पडतं. दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. उभ्या पाइपमध्ये नेमकं तेच घडतं. वरून फ्लशचं पाणी कोसळताना ते हवा बरोबर ओढत नेतं आणि मागे पोकळी होते. पाइपचं वरचं तोंड उघडं असेल तर तिथून हवा येऊन ती भरते. तोंड बंद असेल तर हवा जवळच्या ट्रॅपमधून ओढली जाते आणि ट्रॅपमधलं पाणीही तिच्याबरोबर जातं. ऐकू येते ती गुडगुड म्हणजे ट्रॅपमधून हवा खेचली जात असल्याचा आवाज.

याच्या उलटही होतं. कोसळणारं पाणी खाली बेंडवर आपटून आडव्या पाइपात वळतं, तिथे त्याचा वेग मोडतो, पाणी फुगतं आणि पुढची हवा दाबली जाते. त्या दाबाने तळमजल्याच्या नहाणीतून बुडबुडे वर येतात. कधी पाणीही उडतं. वर पोकळी आणि खाली दाब, हे दोन वेगळे त्रास आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. दुरुस्त्या फसतात त्या बहुतेक हे दोन्ही एकच समजल्यामुळे.

तिसरा प्रकार बेसिनचा. ३२ मिमीचा बारीक पाइप जास्त ढाळ देऊन लांब नेला, की बेसिन रिकामं होताना पाइप पूर्ण भरून वाहतो आणि शेवटी ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतो. चौथं कारण साधं आहे, वापर नाही म्हणून पाणी वाळून जाणं.

तोडफोडीआधी दोष शोधा

व्हेंटला हात लावण्याआधी तीन गोष्टी पाहून घ्या.

पहिली, सिंकखालचा लवचिक वेस्ट पाइप. तो भिंतीतल्या पाइपात नुसता खुपसलेला असतो, भोवती बोटभर फट, आणि ट्रॅप कुठेच नाही. आपल्याकडे निम्म्या तक्रारी इथेच संपतील. बॉटल ट्रॅप किंवा पी ट्रॅप बसवा, भिंतीतल्या तोंडाला घट्ट रबर रिंग लावा.

दुसरी, नहाणीतली वाटी. काही नहाणी ट्रॅपमध्ये जाळीखाली काढता येणारी वाटी असते आणि पाण्याची सील त्या वाटीमुळेच तयार होते. पाणी तुंबतं म्हणून कुणीतरी ती काढून ठेवतो आणि मग घरभर वास. वाटी धुऊन परत बसवा.

तिसरी, कमोडच्या बुडाचा जोड. कमोड हलत असेल, बुडाशी पांढरी सिमेंट फुटली असेल, तर वास तिथूनही येतो.

हे तीनही ठीक असेल तर मोजून बघा. सगळ्या ट्रॅपमध्ये मगभर पाणी ओता. नहाणीत बारीक काडी उभी धरून पाणी किती वर आहे ते खूण करून ठेवा. मग वरच्या मजल्यावर एकाने फ्लश करायचा आणि त्याच वेळी भरलेली बादली वरच्या नहाणीत रिकामी करायची. खाली दुसऱ्याने कान देऊन ऐकायचं. असं लागोपाठ तीन वेळा करून काडी पुन्हा बुडवा. सील २५ मिमीच्या खाली गेली असेल तर हवेचा प्रश्न नक्की आहे. पाणी खाली गेलं असेल तर वर पोकळी होते आहे. बुडबुडे वर आले असतील तर तळाशी दाब होतो आहे.

नहाणीतून हवा येते का पाहायला टिश्यू पेपरची पातळ पट्टी जाळीवर धरा. उदबत्ती किंवा काडी पेटवून बघण्याची सवय अनेकांना असते. ती इथे नको. मिथेन पेट घेतो. एक्झॉस्ट पंखा चालू-बंद करूनही पट्टी बघा. पंखा लावल्यावर ती वर उडत असेल तर बाथरूममध्ये ताजी हवा यायला वाटच नाही. दाराला खालून फट किंवा लूव्हर (हवा येऊ देणाऱ्या तिरक्या पट्ट्या) द्यावा लागेल.

शेवटी गच्चीवर जा. अर्ध्या घरांत उत्तर इथे सापडतं. पाइपच्या तोंडाला एंड कॅप लावलेली असते. पत्र्याची शेड टाकताना पाइप कापून शेडखालीच सोडलेला असतो. वॉटरप्रूफिंगवाल्याने कोबा करताना तोंडात पोतं कोंबलेलं असतं आणि ते तिथेच राहिलेलं असतं. काऊलमध्ये, म्हणजे पाइपच्या तोंडावरच्या भोकांच्या टोपीत, पाखरांनी घरटं केलेलं असतं. यातलं काही सापडलं तर पुढचं वाचण्याआधी ते मोकळं करा आणि चाचणी पुन्हा घ्या.

तुमच्या घरात कोणती पद्धत आहे?

मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या मागच्या बाजूला बिडाचे तीन-चार पाइप शेजारी शेजारी उभे दिसतात. मैल्याचा वेगळा, आंघोळीच्या पाण्याचा वेगळा, आणि त्यांना समांतर जाणारा बारीक पाइप प्रत्येक मजल्यावर ट्रॅपजवळ जोडलेला. तो बारीक पाइप म्हणजे अँटीसायफन पाइप. जागा आणि पैसा वाचवायच्या नादात पुढच्या बांधकामांतून पहिला गेला तो हाच.

बंगल्यांत आजही दोन पाइपांची पद्धत जास्त चालते आणि मला ती आवडते. कमोडचा सॉइल पाइप थेट चेंबरमध्ये (जमिनीतल्या झाकणाच्या हौदात) जातो. नहाणी आणि बेसिनचा वेस्ट पाइप जमिनीवर गली ट्रॅपमध्ये, म्हणजे घराबाहेरच्या मोठ्या ट्रॅपमध्ये पडतो, तिथून चेंबरमध्ये. गली ट्रॅपची सील ही दुसरी आडकाठी असते, त्यामुळे सेप्टिक टँकची हवा वेस्ट पाइपमध्ये चढत नाही. मात्र इथेही एक चूक हटकून होते: सॉइल पाइप गच्चीवर नेतात आणि वेस्ट पाइप वरच्या नहाणीपाशीच संपवतात. वेस्ट पाइपलाही वरून हवा लागते. बादलीभर पाणी एकदम ओतलं की त्यातही पोकळी होतेच. दोन्ही वर न्या.

एकाच उभ्या पाइपात सगळं सोडलं असेल तर काम आणखी काळजीने करावं लागतं, कारण कमोडचा फ्लश शेजारच्या बेसिनची सील ओढू शकतो.

सामान

बाजारात राखाडी रंगाचे एसडब्ल्यूआर (सॉइल, वेस्ट, रेन वॉटर) पाइप मिळतात. त्यांचं भारतीय मानक (आयएस) आयएस १३५९२, आणि फिटिंग्जचं आयएस १४७३५. पाइपवर टाइप ए किंवा टाइप बी छापलेलं असतं. टाइप ए पातळ असतो, हवा आणि पावसाच्या पाण्यासाठी. टाइप बी जाड, मैला आणि सांडपाण्यासाठी. मैला वाहणाऱ्या भागात टाइप ए घालायचं दुकानदाराने सुचवलं तरी ऐकू नका. नुसत्या व्हेंटच्या भागाला तो चालतो.

उभा सॉइल पाइप ११० मिमी. नहाणीला ७५ मिमी. सिंकला ५०. बेसिनला ४०; ३२ चालतो, पण पाइप दीड मीटरच्या आत राहणार असेल तरच. स्वतंत्र अँटीसायफन पाइप किमान ५० मिमी. याशिवाय पाइप जोडायचे वाय आणि टी, ४५ अंशांचे बेंड, डोअर टी (साफसफाईचं दार असलेली टी), रबर रिंगा, सोल्युशन (पाइप चिकटवायचं), क्लॅम्प, काऊल आणि नायलॉनची किंवा गंज न धरणारी बारीक जाळी.

उभा पाइप: तळापासून गच्चीपर्यंत

ओळंबा सोडून रेषा मारून घ्या. मैला वाहणाऱ्या लांबीत उभा पाइप शक्यतो एका सरळीत हवा. मध्ये बीम आला म्हणून दोन बेंड देऊन पाइप वळवला तर प्रत्येक वळणाला पाणी आपटतं आणि दाब तयार होतो. सगळ्यात वरच्या जोडाच्या वर मात्र पाइप कोरडा असतो. तिथे छज्जा चुकवायला ४५ अंशांचे बेंड बिनदिक्कत वापरा.

तळाशी ९० अंशांचा एक झटकेबाज बेंड लावू नका. ४५ अंशांचे दोन बेंड एकापुढे एक घ्या, शक्य असेल तर मधे पाइपचा छोटा तुकडा. पाणी सावकाश वळतं आणि तळमजल्याचे बुडबुडे बरेच कमी होतात. बेंडखाली काँक्रीटचा ठोकळा द्या, नाहीतर पाण्याच्या माऱ्याने जोड खचतो. तळाशी साफसफाईसाठी डोअर टी हवी, आणि तिचं दार भिंतीकडे नको, माणसाच्या हाताला येईल असं.

तळमजल्याचे जोड या उभ्या पाइपच्या बुडाशी देऊ नका. सगळ्यात खालचा जोड आणि तळाचा आडवा पाइप यांच्यात निदान ४५० मिमी अंतर हवं. माझा आग्रह याहून पुढचा आहे: तळमजल्याचा कमोड आणि नहाणी वेगळ्या पाइपने थेट चेंबर आणि गली ट्रॅपला जोडा. चार-पाच मीटर पाइप जास्त लागेल, पण वरच्या फ्लशचा खालच्या बाथरूमशी संबंधच राहणार नाही. याहून चांगली दुरुस्ती नाही.

वरच्या मजल्याचा कमोड वाय किंवा गोल वळणाच्या टीने जोडा. त्याच्या समोरच्या बाजूने, जोडाच्या खाली २०० मिमीच्या आत, बेसिनचा किंवा नहाणीचा जोड येऊ देऊ नका. फ्लशचं पाणी समोरच्या पाइपात घुसतं.

उभ्या पाइपचे जोड रबर रिंगचे ठेवावेत. कापलेलं टोक कानशीने तिरकं घासा, साबणाचं पाणी किंवा पाइपसोबत मिळणारं लुब्रिकंट लावा. तेल किंवा ग्रीस नको, रबर खराब होतं. टोक पूर्ण आत ढकला, पेन्सिलने खूण करा आणि १० मिमी मागे ओढा. ही फट विसरू नका. विदर्भात किंवा खानदेशात उन्हातल्या भिंतीवरचा तीन मीटरचा पाइप हिवाळ्याची रात्र ते उन्हाळ्याची दुपार एवढ्यात सात-आठ मिमी वाढतो. जागा नसेल तर तो बाहेर फुगतो आणि जोड सुटतात. क्लॅम्प दीड ते दोन मीटरवर. उन्हातल्या पाइपला ऑइल पेंट द्या, प्लास्टिक लवकर ठिसूळ होत नाही.

आता गच्ची. उभा पाइप वर नेताना बारीक करू नका. ११० चा पाइप ७५ चा रिड्यूसर लावून संपवतात, त्यात वाचतात किती रुपये? पूर्ण मापाचा पाइप वर गेला तर छोट्या घराला बहुतेक वेळा दुसऱ्या व्हेंटची गरजच पडत नाही.

उंचीचं असं: गच्चीवर माणसांचा वावर असेल तर तोंड गच्चीच्या लादीपासून २ मीटर वर हवं. पापड-कुरडया वाळत घालायच्या, उन्हाळ्यात झोपायचं, तिथे नाकाच्या पातळीवर वास नको. कुणाचा वावर नसलेल्या उतरत्या छपरावर कमी उंची चालते, पण जवळ खिडकी असेल तर तोंड तिच्या वरच्या कडेपेक्षाही बरंच वर न्या. पाण्याच्या टाकीच्या झाकणापासून लांब ठेवा. शेजाऱ्याची खिडकीही मोजा. भांडणं यावरून होतात. एवढा उंच पाइप मोकळा सोडला तर कोकणच्या वाऱ्यात टिकत नाही आणि वानरं त्याला लोंबकळतात. कठड्याला किंवा लोखंडी अँगलला दोन ठिकाणी बांधा.

गच्चीच्या पावसाचं पाणी या पाइपात कधीही सोडू नका. जोरदार सरीत पाइप भरून वाहतो, हवेची वाट बंद होते, आणि सेप्टिक टँकमध्ये पाण्याचा लोंढा जाऊन तळाचा गाळ ढवळून बाहेर पडतो. पावसाचा पाइप वेगळा.

आडवे पाइप आणि वेगळा व्हेंट

आडव्या पाइपला मीटरला २ ते अडीच सेंटिमीटर ढाळ द्या. त्याहून कमी दिला तर मैला बसतो. फार जास्त दिला तर पाणी पुढे पळतं आणि घन भाग मागे राहतो. बारीक पाइपात वर सांगितलेली ओढही लागते. सनकन स्लॅबमध्ये, म्हणजे बाथरूमखाली खोल घेतलेल्या स्लॅबमध्ये, पाइप बुजवण्याआधी पाण्याच्या लेव्हल ट्यूबने ढाळ स्वतः तपासा. एकदा वीटकाम आणि कोबा पडला की दहा वर्षं तो दिसणार नाही. इथले जोड सोल्युशनचे असावेत. दोन्ही भाग घासपेपरने खरखरीत करा, पुसा, पातळ थर लावा, आत ढकलताना पाव फेरी फिरवा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा.

वेगळा अँटीसायफन पाइप कधी लागतो? बेसिन किंवा नहाणी उभ्या पाइपपासून तीन मीटरहून लांब असेल, एकाच आडव्या पाइपात कमोड, नहाणी, बेसिन सगळं ओळीने सोडलं असेल, उभ्या पाइपला वळण घ्यावंच लागलं असेल, किंवा घर पुढे तीन-चार मजली होणार असेल, तर तो आत्ताच टाका. भिंतीत मागून टाकायचा म्हणजे टाइल्स फोडणं आलं.

तो कुठून काढायचा यात लोक चुकतात. ट्रॅपच्या वळणाच्या अगदी डोक्यावरून काढला तर तोंडाशी घाण बसून बुजतो. ट्रॅपनंतर, उभ्या पाइपच्या बाजूला, तीन इंच ते फूटभर अंतरात घ्या, आणि आडव्या पाइपच्या पाठीवरून वर काढा. कुशीतून काढला तर त्यात सांडपाणी शिरतं. तिथून तो सतत वर चढत गेला पाहिजे. आडवा नेताना उलटा ढाळ द्या, म्हणजे आत साचलेला दमटपणा परत मैल्याच्या पाइपात उतरेल. मध्ये खोलगट भाग राहिला तर तिथे पाणी साचून हवा बंद होते आणि सगळा खर्च वाया.

वर नेऊन तो उभ्या पाइपच्या कोरड्या भागात जोडता येतो. सगळ्यात वरच्या बेसिनच्या काठाच्या निदान १५० मिमी वर. बेसिनच्या काठाखाली जोडला तर तुंबल्यावर व्हेंटमधून सांडपाणी वाहील. नाहीतर सरळ स्वतंत्रपणे गच्चीवर न्या.

काही प्लंबर एअर अ‍ॅडमिटन्स व्हॉल्व्ह सुचवतात. पोकळी झाली की त्यातला रबरी पडदा उचलला जातो, हवा आत येते, मग तो बंद होतो. मधल्या मजल्यावरच्या लांब बेसिनसाठी, जिथून पाइप वर नेणं शक्यच नाही, तिथे तो कामाचा आहे. पण तो हवा फक्त आत घेतो. तळातला दाब त्याने कमी होत नाही, वायू बाहेर जात नाही, आणि रबर कधीतरी झिजतं. म्हणून तो भिंतीत गाडू नका, हाताला येईल असा ठेवा, आणि घराचा एक तरी पाइप उघड्यावर गेलेला हवाच.

सेप्टिक टँकचा व्हेंट

उभा पाइप गच्चीवर गेला म्हणून टँकला वेगळा व्हेंट नको, असं नाही. टँकमध्ये वायू सतत तयार होतो. आयएस २४७० या मानकानुसार टँकला किमान ५० मिमीचा व्हेंट लागतो. टँक घरापासून १५ मीटरहून लांब असेल तर २ मीटर उंची पुरते. त्याहून जवळ असेल तर तोंड इमारतीच्या माथ्यापेक्षा २ मीटर वर हवं. आपल्याकडे टँक बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या मागे, भिंतीला लागून असतो आणि त्यावर छातीएवढ्या उंचीचा टी लावलेला पाइप. हवा पडली की वास थेट खिडकीत. तोच पाइप क्लॅम्प मारून भिंतीने वर चढवा.

तोंडाला डास न जाणारी जाळी अत्यावश्यक आहे. क्युलेक्स डास सेप्टिक टँकमध्ये भरमसाट वाढतात, आणि हत्तीरोग हेच डास पसरवतात; पूर्व विदर्भातल्या लोकांना त्याचं वेगळं सांगायला नको. सुती फडकं बांधू नका, ते कुजून तोंड बंद करतं. नायलॉनची जाळी घाला आणि पावसाळ्याआधी दरवर्षी झटका.

गावाकडे दोन शोषखड्ड्यांचा संडास असेल तर खड्ड्यांना व्हेंट लागत नाही. तिथे वायू मातीत मुरतो. पाइप लावला तर उलट डासांना वाट मिळते.

व्हेंट तुंबला म्हणून किंवा जोड बघायचा म्हणून टँकमध्ये कुणीही उतरू नये, डोकंही आत घालू नये. झाकण उघडं ठेवून तासभर थांबलं म्हणजे वायू गेला, असं होत नाही. दरवर्षी माणसं अशीच मरतात, आणि वाचवायला उतरलेला दुसराही मरतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने माणसाला संरक्षणाशिवाय टँक साफ करायला उतरवणं गुन्हा आहे. उपसा यंत्राच्या गाडीनेच करून घ्या.

फ्लॅटमध्ये

उभा पाइप सोसायटीचा असतो. तुम्ही नवा व्हेंट काढू शकत नाही, पण कारण शोधू शकता. तुमच्या वरच्या आणि खालच्या घरीही गुडगुड येते का विचारा. येत असेल तर दोष गच्चीवर किंवा तळाशी आहे. कमिटीला गच्चीवरच्या सगळ्या तोंडांचे फोटो दाखवा. शेड, सोलर पॅनेल, गच्चीवरची बाग यांच्या कामात पाइप कापले गेले आहेत का ते पाहा. पाइपांसाठी सोडलेल्या डक्टमध्ये कुणी खोली वाढवली असेल तर तिथले जोड तपासायला लावा. त्रास फक्त पहिल्या मजल्याला होत असेल तर तळाचा बेंड आणि चेंबर बघा. चेंबर भरलेला असला तरी हवा तशीच दाबली जाते. फक्त तुमच्याच घरी असेल तर तुमचा ट्रॅप. नूतनीकरणात खोल सीलचा जुना नहाणी ट्रॅप काढून कमी उंचीचा बसवला गेला का, हे प्लंबरला नेमकं विचारा.

बंद घरं

गणपतीला आणि शिमग्याला उघडणारी कोकणातली घरं, परदेशी राहणाऱ्यांचे पुण्यातले फ्लॅट, यांत व्हेंट कितीही चांगला असला तरी ट्रॅप वाळतोच. उन्हाळ्यात महिनाभरातही सील जाऊ शकते. कुलूप लावण्याआधी प्रत्येक ट्रॅप पाण्याने पूर्ण भरा आणि त्यावर दोन-तीन चमचे गोडेतेल सोडा. तेलाचा थर पाण्यावर पसरतो आणि बाष्पीभवन फार मंदावतं. वापरात नसलेल्या नहाणीवर घट्ट बसणारं झाकण ठेवा. कमोडचं नुसतं झाकण पाडून काही होत नाही. परत आल्यावर आधी सगळ्या खिडक्या उघडा, प्रत्येक ट्रॅपमध्ये दोन मग पाणी ओता, आणि मगच एक्झॉस्ट पंखा लावा.

बुजवण्याआधीची चाचणी

नव्या कामात टाइल्स लागण्याआधी खालचं तोंड टेस्टिंग प्लगने बंद करा, एका मजल्यापुरता पाइप पाण्याने भरा आणि अर्धा तास पातळी बघा. उतरली तर जोड शोधा. सगळे ट्रॅप बसल्यावर सुरुवातीची काडीची चाचणी पुन्हा घ्या, या वेळी वरच्या मजल्याचे सगळे नळ सोडून. प्रत्येक ट्रॅपमध्ये २५ मिमीहून जास्त पाणी उरलं पाहिजे. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता ही चाचणी तुमच्यासमोर झाल्यावरच द्या. भिंत बंद होण्याआधी पाइपांचे फोटो काढा, प्रत्येक फोटोत मोजपट्टी धरा, आणि ते घराच्या कागदपत्रांत ठेवा. पुढच्या प्लंबरला कुठे फोडायचं हे त्यावरून कळेल.